रँडम, पण पुन्हा तस्संच!

प्रोजेक्टमध्ये रँडम नंबर वापरलेत कधी? मग ही पंचाईत तुम्हाला ठाऊकच असेल. काल उत्तर विचित्र आलं, आज एकदम ठीक. चूक कोडमध्ये होती की नुसता आकड्यांचा खेळ, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न कॉम्प्युटरइतकाच जुना आहे आणि त्याला पहिल्यांदा भिडलेल्यांपैकी एक होते जॉन व्हॉन न्यूमन. हो, सिलॅबसमधल्या 'व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर'वालेच!

जन्म १९०३ चा, बुडापेस्टचा. १९२६ मध्ये झुरिकची केमिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट, दोन्ही एकाच वर्षी! पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि महायुद्धात लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात सामील झाले.

१९४६ मध्ये त्यांचे मित्र स्टॅनिस्लाव उलाम आजारातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलं तर? न्यूमननी ही कल्पना उचलली आणि न्यूट्रॉनना लावली. हीच 'मॉन्टे कार्लो' पद्धत. १९४८ मध्ये ती एनिॲक या अवाढव्य मशीनवर चालली. प्रोग्रॅमिंगमध्ये त्यांची पत्नी क्लारा यांचा मोठा वाटा होता.

पण रँडम नंबर आणायचे कुठून? यंत्रानं खरोखरचे रँडम आकडे काढले, तर तोच हिशोब पुन्हा करून तपासता येणार नाही. म्हणून न्यूमननी साधी युक्ती वापरली: आकड्याचा वर्ग करा, मधले अंक घ्या, पुन्हा वर्ग करा. २३४५ चा वर्ग ०५४९९०२५, म्हणजे पुढचा आकडा ४९९०. सुरुवात तीच, तर अख्खी रांग तीच. हिशोब पुन्हा चालवा, चूक पकडा!

पद्धत कच्ची होती. २५०० घेऊन बघा, पुन्हा २५००च येतो. न्यूमनना हे माहीत होतं. पण ही बिघडली की लगेच दिसते, गुपचूप फसवत नाही, हाच त्यांना तिचा फायदा वाटायचा.

१९५७ मध्ये, अवघ्या ५३ व्या वर्षी कॅन्सरनं ते गेले. त्यांच्या पद्धतीची जागा आता चांगल्या पद्धतींनी घेतलीय, विचार मात्र टिकलाय. तेव्हा पुढच्या वेळी टेस्ट करताना आधी सीड फिक्स करा आणि तो लिहून ठेवा. बग परत दिसला, तरच तो सापडेल ना!