महात्माजी आणि जिभेचे चोचले

पोट बिघडले म्हणून चार दिवस ताकभातावर राहिलेला विद्यार्थी रविवारच्या फीस्टला सर्वांच्या आधी पानावर हजर असतो, हा आमच्या वसतिगृहातला नित्याचा अनुभव. त्याला हसण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये हेच दस्तुरखुद्द गांधीजींच्या हातून घडले होते.

खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांचा आहार मुख्यतः भुईमूग आणि लिंबू एवढाच उरला होता. आमांश सुरू झाला. लंघन केले की बरे वाटेल हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि दुपारी जेवायचे नाही असे ठरलेही होते. पण त्या दिवशी आश्रमात सण होता. दूध-तूप त्यांना वर्ज्य, म्हणून कस्तुरबांनी तेलातली गव्हाची गोड लापशी केली आणि वाटीभर मूग राखून ठेवले. कस्तुरबांना बरे वाटावे म्हणून दोन घास घ्यावेत असे त्यांनी मनाशी म्हटले. प्रत्यक्षात ते पोटभर जेवले. तासाभरातच आमांशाने उग्र रूप धरले आणि दुखणे मरणाच्या दारापर्यंत गेले.

हा माणूस जिभेशी लहानपणापासून झगडत आला होता. राजकोटला शेख मेहताबच्या नादाने चोरून मांस खाल्ले, तेव्हा रात्री पोटात जिवंत बकरी ओरडते आहे असे त्यांना वाटत राही. पुढे त्याचीच गोडी लागली. ती सुटली ती आईशी खोटे बोलावे लागते म्हणून! १८८८ मध्ये विलायतेला जाताना मांस, मद्य आणि स्त्रीसंग वर्ज्य करण्याची शपथ घेतली आणि लंडनमध्ये कित्येक दिवस अर्धपोटी काढले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कुठे पोट भरले. मसाले सोडल्यावर पूर्वी बेचव लागणारी नुसती उकडलेली भाजीही रुचू लागली. चवीचे ठाणे जिभेवर नसून मनात आहे, हा बोध त्यांना तेथे झाला. मानसशास्त्राच्या तासाला जे आपण टिपून घेतो, ते त्यांनी पालकाच्या भाजीवरून ओळखले.

१९१२ मध्ये दूध सोडले. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभात, दिवसाकाठी पाचच पदार्थ आणि अंधार पडल्यावर काही नाही, असे व्रत घेतले.

पुण्याशी या कथेचा संबंध मोठा आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना ते दर मंगळवारी पत्र पाठवीत. त्यांतले एक अस्वादव्रतावर आहे. औषध जसे गोड-कडू न पाहता मापाने घ्यावे, तसे अन्न घ्यावे, असा त्याचा आशय. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, महादेवभाईंच्या मृत्यूला पंधरवडाही लोटला नव्हता तोच, त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहावयास घेतले आणि डिसेंबरात पुरे केले. त्यातही आहाराचाच विचार मोठा आहे.

मला मात्र या औषधी जेवणाची थोडी भीती वाटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुणही युद्धाला नकार देणारेच होते. त्यांना अन्नाखेरीज दुसरे सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसले, आणि बंधन उठल्यावर पोट भरले तरी त्यांचे खाणे थांबेना. नकाराने ओढ वाढते ती अशी. लापशीच्या त्या वाटीचे रहस्य गांधीजींनी जिभेच्या दुबळेपणात शोधले. मला ते आधीच्या भुईमूग-लिंबातही दिसते.

त्या दुखण्यातून उठताना डॉक्टर दलालांनी मुंबईत दुधाचा आग्रह धरला. व्रत आड आले. तेव्हा कस्तुरबांनीच सुचविले की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळीचे दूध घेण्यास काय हरकत? गांधीजींनी ते मानले. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा दुखावला, ही टोचणी मात्र त्यांना लागून राहिली.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्येच कस्तुरबांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथे महादेवभाईंच्या शेजारी आहे. शेळीचे दूध गांधीजी अखेरपर्यंत घेत राहिले.