सिनेटसाठी भांडलेले सर

बुलढाण्यातल्या कॉलेजचे सर अमरावती विद्यापीठाच्या सिनेटला उभे राहिले, की तुम्ही म्हणता, सरांचं राजकारण सुरू! थांबा, गोपाळ कृष्ण गोखले आठवा. 1866 मध्ये कोकणातल्या कोतळूकला जन्म, अठराव्या वर्षी बीए, मग पुण्यात मास्तर. वीस वर्षं शिकवायचं वचन, पगार महिना 75 रुपये. गणित, इंग्रजी, इतिहास, जे पडेल ते शिकवलं. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही होते, त्यामुळे आतली गणितं त्यांना ठाऊक.

1904 मध्ये कर्झनसाहेबानं विद्यापीठांचा कायदा आणला. मुंबईच्या सिनेटवर जास्तीत जास्त शंभर जण, पण निवडून येणारे फक्त वीस. उरलेले बहुतेक सरकारनं नेमलेले, तेही पाच वर्षांपुरते. प्राध्यापकांचा वेगळा मतदारसंघ तर नाहीच! मर्जी सांभाळणारा माणूस विरोधात बोलेल कसा? कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखले कलमाकलमाला भिडले. पण बहुमत सरकारचं. कायदा झालाच.

1915 मध्ये गोखले गेले, वय अवघं 48. आता 2016 च्या कायद्यानं सिनेटवर दहा प्राध्यापक निवडून जातात, आणि त्यांना मत देतात तुमचेच सर.