बाबासाहेब आणि यंत्र : शिर्डीतील एका प्रश्नाच्या निमित्ताने

एका समाजबांधवाच्या मुलीच्या मंगल परिणयासाठी आम्ही शिर्डीला गेलो होतो. विधी आटोपला, त्रिशरण पंचशील झाले, जेवणावळी उठल्या आणि मंडपाच्या कडेला चार जाणती माणसे नेहमीप्रमाणे चळवळीच्या गोष्टी बोलत बसली. तेवढ्यात अकरावीत शिकणारा एक पोरगा हातातला मोबाईल बाजूला ठेवून आमच्याजवळ आला. बाबासाहेब आज असते तर त्यांनी कोणता मोबाईल वापरला असता, असा त्याचा प्रश्न होता. एका काकांनी त्याला तिथल्या तिथे दटावले. महामानवाबद्दल असले पोरकट प्रश्न विचारू नयेत, असा त्यांचा सूर होता. पोरगा हिरमुसला होऊन निघून गेला. आम्हास मात्र तो प्रश्न पोरकट वाटला नाही. परतीच्या एस.टी.त तोच डोक्यात घोळत राहिला.

शिर्डीत हा प्रश्न उभा राहावा, याचेही आम्हास नवल वाटले नाही. यंत्रांची इतकी गर्दी आपल्या भागात दुसऱ्या कुठल्या गावात असेल? २००९ साली तिथे प्रसादालयावर ७३ मोठ्या तबकड्या बसल्या. त्या सूर्याचे ऊन गोळा करून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. त्याच साली साईनगर शिर्डी हे रेल्वे स्टेशन सुरू झाले. २०१७ च्या १ ऑक्टोबरला विमानतळ आला. दर्शनाचा पास संगणकावर मिळतो. यंत्र एकविसाव्या शतकातले आणि मागणे मात्र नवसाचे! ही विसंगती बाबासाहेबांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. १९५४ च्या जानेवारीत मुंबईत साईभक्तांचे अखिल भारतीय संमेलन भरले, त्याचे उद्घाटन करायला ते गेले होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? धर्म आत्म्याच्या मुक्तीपासून सुरू झाला, पुढे माणसामाणसांतील बंधुभावाचा नियम झाला आणि शेवटी चमत्कार करणाऱ्या व्यक्तीच्या पूजेवर येऊन थांबला, हा सगळा प्रवास त्यांनी भक्तांच्याच व्यासपीठावरून भक्तांना उलगडून सांगितला. यजमानाच्या घरी जाऊन असे बोलायला छाती लागते.

परंतु आमचा विषय वेगळा आहे. आम्हास त्यांच्या रोजच्या जगण्यातील वस्तूंविषयी, यंत्रांविषयी आणि छंदांविषयी लिहावयाचे आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपण पाठ केले आहेत. दिव्याखाली वाचणारा, पेनांचा शौक करणारा आणि रेकॉर्ड लावून ऐकणारा माणूस मात्र आपल्या भाषणांतून गळून गेला.

त्यांच्या आयुष्यातले पहिले यंत्र म्हणजे शाळेतला नळ. नळ हे तसे साधेच यंत्र. कोणाच्याही हाताने फिरवले तरी पाणी येते. चावीला जात कळत नाही. तरीही साताऱ्याकडच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाला त्या चावीला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर दिवसभर तहान. १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंगही असाच आहे. वडिलांना भेटायला निघालेली पोरे आगगाडीने सुखरूप मसूरपर्यंत आली. आगगाडीने त्यांना जात विचारली नाही. जात विचारली ती स्टेशनमास्तरने आणि मग बैलगाडीवाल्यांनी. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा सौदा ठरला. इंजिन विलायतेहून येऊ शकते, पण ते ज्या समाजात येते तो समाज जागचा हलत नाही, हा धडा त्या मुलाला नऊ-दहाव्या वर्षी मिळाला. पुढे आयुष्यभर यंत्राविषयी त्यांनी जो विचार मांडला, त्याचे मूळ आम्हास या नळात आणि या गाडीत दिसते.

मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली. उशाशी शेळी, पायाशी जाते आणि काच नसलेला रॉकेलचा दिवा. सुभेदार रामजी पहाटे दोन वाजता पोराला उठवीत आणि त्या फडफडत्या ज्योतीवर अभ्यास सुरू होई. विजेचा दिवा असता तर बाबासाहेबांचे डोळे अधिक टिकले असते की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु पुढे देशाच्या विजेची योजना आखायला बसलेल्या मंत्र्याने कंदिलाचा धूर नाकाने ओढलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे वेड लागले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१७ साली परतताना सामान दुसऱ्या बोटीने पाठविले आणि महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडविली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हाती आले. मग १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. शिर्डीच्या साईबाबांचे निधन त्याच्या आदल्याच महिन्यातले. प्राध्यापक झाले तरी पाण्याचा प्रश्न सुटला नव्हताच. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. नळ मागे पडला, भांडे पुढे आले, इतकाच फरक!

चाळीसगावची गोष्ट तर यंत्राच्याही आधीच्या वाहनाची. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब तिथे उतरले. महाराला टांग्यात बसवून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. तेव्हा वस्तीतल्याच एकाने टांगा हाकायला घेतला. त्याला सवय नव्हती. चाक अडले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पाय मोडला. वस्तीतल्या लोकांचा मान राखण्याची धडपड त्यांच्या पायावर बेतली. लंडनची पदवी घेतलेला बॅरिस्टर, पण टांग्याच्या लगामाला जात चिकटलेली! कौशल्य एका जातीच्या हातात कोंडून ठेवले की काय होते, याचा याहून स्वच्छ दाखला आम्हास तरी सापडत नाही.

आता छापखान्याकडे येऊ. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाले, १९२७ साली बहिष्कृत भारत, १९३० साली जनता, १९५६ साली प्रबुद्ध भारत. दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून राहिले की आवाजही उसना होतो, म्हणून चळवळीने दादरला स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. १९४६ च्या दंगलीत तो जाळला गेला आणि पुन्हा उभा राहिला. २०१६ च्या जूनमध्ये ती इमारत रातोरात जमीनदोस्त झाली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर किती लोक उतरले होते, ते आपण विसरलेलो नाही. खिळे जुळवणाऱ्या हातांचा तो वारसा होता.

आणि पेन. फाउंटन पेनांचा बाबासाहेबांना भारी शौक. जाड, चांगल्या टाकाची, हातात भरेल अशी पेने त्यांना आवडत. आम्हास इथे एक गंमत सांगावीशी वाटते. खेड्यापाड्यांत ज्या मूर्तिकाराने पुतळा केला, त्याने बाबासाहेबांना पाहिलेले नसते. चेहरा कुठे जमतो, कुठे जमत नाही. पण कोटाच्या खिशातले पेन कोणी विसरत नाही! ते काढले तर वस्ती पुतळा ओळखणारच नाही. चांगला सूट, चांगले पेन, चांगले बूट हा त्यांचा थाट होता, आणि ज्यांना फाटके घालण्याची सक्ती होती त्यांच्या घरातून आलेल्या माणसाने तो थाट मिरवावा यात एक जाब होता. दारिद्र्याचा सोहळा त्यांना कधीच मान्य झाला नाही.

याच मुद्द्यावर त्यांचे गांधीजींशी मूलभूत मतभेद होते. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला, हा विचार त्यांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात खोडून काढला. त्यांचे म्हणणे असे की जनावरासारखे राबण्यातून माणसाला सवड यंत्रच मिळवून देते आणि सवडीशिवाय वाचन नाही, विचार नाही, संस्कृती नाही. यंत्रामुळे पिळवणूक होत असेल तर तो दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. ती रचना बदला, यंत्र मोडू नका. पहाटे दोनला उठून वाचणाऱ्यालाच सवडीची किंमत कळते!

हे नुसते पुस्तकात राहिले नाही. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. वकिली आणि कलाशाखेच्या पदव्यांनी समाजाचा फारसा उद्धार होणार नाही, प्रगत विज्ञान आणि तंत्रज्ञान आपल्या मुलांच्या हाती आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. सरकारने वर्षाला तीन लाखांची तरतूद केली. ऐंशी वर्षांपूर्वीचे हे निवेदन आजही आपल्या वस्तीतल्या किती पालकांना माहीत आहे?

१९४३ च्या डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. मंत्र्याने अहवालावर सही करून भागले असते. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग ही दोन कार्यालये त्यांच्या खात्याच्या कारकिर्दीत उभी राहिली. दुसऱ्याचे आजचे नाव केंद्रीय जल आयोग. दामोदरच्या पुराने बंगाल हवालदिल झाला होता. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून त्यांनी एका नदीचा एकच विचार करावयाचे धोरण धरले : पूर अडवायचा, शेतीला पाणी द्यायचे, वीज काढायची आणि जलवाहतूकही करायची. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली, तिथूनच हिराकुडची वाट निघाली. धरण म्हटले की आपल्याला भाषणांत दुसरीच नावे ऐकू येतात. असो.

नगर जिल्ह्यात बसून धरणाविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी थबकते. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालीच झाले. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरात झाले. उसाचे मळे आणि साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या वाट्याला कालवा येतो तो पुलावरून पाहण्यापुरता. यंत्राने लाभ दिला, वाटणी समाजरचनेने केली. आकाशात उपग्रह सोडणाऱ्या या देशात मैल्याच्या टाकीत अजूनही माणूस उतरतो आणि गुदमरून मरतो. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. तिथे यंत्र का पोहोचत नाही? तिथे उतरणारा कोण आहे हे ठाऊक असल्यामुळेच ना?

राजगृहातला आणि दिल्लीतला त्यांचा दिनक्रम मात्र शांत होता. हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या काळात घर बांधले ते मुळी पुस्तकांसाठी. रात्री वाचता वाचता पहाट व्हायची. मधुमेहाने शरीर पोखरले, पाय दुखत, तरी उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. कधी स्वतः स्वयंपाक करीत. लेखनाची हस्तलिखिते टंकित करावयास नानकचंद रत्तू हे पंजाबी तरुण सरकारी नोकरी सांभाळून येत असत. १९५४ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीवर आणि १९५६ च्या मे महिन्यात बी.बी.सी.वर त्यांनी आपले तत्त्वज्ञान आणि धम्म मांडला. त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज आज त्या पोराच्या मोबाईलवर ऐकता येतो, ही यंत्राचीच देणगी.

दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या बंगल्यात रेडिओग्राम होता. रेडिओ आणि रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र एकाच लाकडी पेटीत, त्या काळातली मोठी चीज. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री भेटायला आलेली मंडळी गेल्यावर बाबासाहेबांनी रत्तूंकरवी त्यावर बुद्धगीतांची रेकॉर्ड लावून घेतली आणि स्वतःही गुणगुणत राहिले. मग थोडे जेवले. उशीर झाला होता. रत्तू सायकलवर बसून फाटकाबाहेर पडतात तोच सुदामा नोकर धावत आला आणि त्यांना परत बोलावून घेऊन गेला. बाबासाहेबांना बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची टंकित प्रस्तावना, परिचय आणि दोन पत्रांच्या प्रती रात्रीच पाहावयाच्या होत्या. कागद टेबलावर ठेवून रत्तू सायकलने घरी गेले.

सकाळी बाबासाहेब उठले नाहीत. त्या रात्री विमानाने त्यांचा देह दिल्लीहून मुंबईस आणला गेला आणि सांताक्रूझवर मध्यरात्र उलटून गेली तरी माणसे थंडीत उभी होती. तो ग्रंथ सिद्धार्थ कॉलेजने १९५७ साली छापून काढला.

त्या अकरावीतल्या पोराचा फोन नंबर आम्ही घेतलेला नाही, ही चूक झाली. लग्नघरच्या मंडळींना सांगून त्याला हे कात्रण पोहोचवावे, अशी विनंती आहे.