सरकारने दुष्काळात मजुरी कापली, मजुरांनी काम सोडलं आणि सार्वजनिक काकांनी थेट रतलाचा हिशेब मांडला

दौंडवरून मनमाडकडे जाणारी रेल्वे तुम्ही कधी ना कधी पकडलीच असेल. शिर्डीला जायला म्हणा, नगरला म्हणा. १८७८ साली सुरू झालेल्या या मार्गाचं बरंचसं मातीकाम दुष्काळात उपाशी पडलेल्या लोकांनी केलंय. त्यांना त्याबद्दल काय मिळत होतं आणि ते पुरत होतं का, यावरून पुण्यातला एक वकील थेट मुंबई सरकारशी भिडला होता.

गणेश वासुदेव जोशी हे त्याचं नाव. पण पुणं त्यांना सार्वजनिक काका म्हणायचं.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुण्यात येऊन वकील झाले. पर्वती संस्थानच्या कारभारावरून पुणेकरांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायच्या तर आपण लोकांच्या वतीने बोलतोय हे आधी दाखवावं लागणार, हे काकांनी ओळखलं. त्यातून २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम. मतदान वगैरे काही नसतानाच्या काळात ही भारी आयडिया होती. सहा हजारांच्या आसपास लोकांची मुखत्यारपत्रं घेऊन ९५ जण सभेत बसले. सभेच्या कामावरूनच काकांना सार्वजनिक हे नाव चिकटलं.

१८७२ मध्ये त्यांनी हाताने कातलेल्या सुताचंच कापड वापरायची शपथ घेतली. पत्नी सरस्वतीबाईंनी त्याच सुमारास बायकांसाठी स्त्री विचारवती सभा काढली. पण आपला विषय पुण्याच्या पूर्वेला आहे, शिरूर आणि तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात. आजचा दौंडचा बराच भाग या भीमथडीतच यायचा.

इथे दहा-पंधरा वर्षांत काय काय झालं बघा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच काळात रेल्वे आणि सरकारी बांधकामं जोरात होती. मजुराला मागणी, गाडीवानाला मागणी, हातात रोकड. सावकारही सढळ हाताने कर्ज द्यायचा. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. मोठी कामंही आटोपत आली. मजुरीची मागणी गेली, कर्ज मात्र तसंच राहिलं. वर सरकारने शेतसारा वाढवला. सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या अवस्थेची चौकशी करून हे सगळं सरकारच्या कानावर घातलं होतं.

ऐकलं कोणी नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या शेतात मजूर जाईना, घरी पाणी भरायला कोणी मिळेना, न्हावी दाढी करेना. गावाकडे पैसा नव्हता, कोर्टात टिकायची ताकद नव्हती. आपले कष्ट एवढीच गोष्ट हातात होती, ती त्यांनी काढून घेतली. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला, कर्जाची कागदपत्रं जाळली गेली आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात.

दंग्यांची चौकशी होतेय न होतेय तोच १८७६ चा पाऊस गेला.

दुष्काळ म्हटलं की आपल्याला आधी धान्य आठवतं. पण शेतमजुराचं आधी काम जातं. पेरणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही. त्यात कालपर्यंत मजूर लावणारा शेतकरीच मजूर होऊन रांगेत उभा राहतो. काम देणारा कोणी नाही, मागणारे सगळे आणि ज्वारीचे भाव मात्र चढत चाललेले. अशा वेळी काम देणारं एकटं सरकार उरतं. ते ठरवेल तीच मजुरी.

दुष्काळी कामं निघाली. रस्ते, तलाव, रेल्वेचे भराव. दौंड तालुक्यातला माटोबा तलाव याच कामांतला. काही कामं गावाजवळची आणि हलकी होती, काही लांबची, मोठी आणि ठरलेलं माप पुरं करून द्यायची.

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळी भागात पाठवलं. काम होतं खर्च कमी करायचं. त्यांनी मजुरी ठरवली ती एक रतल धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड अशी. एक रतल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, ते पण दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. सोबत धडधाकट माणसांना जवळच्या कामावरून काढून लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं धोरणही आलं.

मग मजुरांनी कामच सोडलं. दख्खनच्या जिल्ह्यांत हजारो लोक कामावरून उठून निघून गेले. उपाशी माणूस मिळणारी मजुरी नाकारतो, ही गोष्टच तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसेना.

खरं भांडण इथे होतं. सरकारचा तर्क असा की मजुरी कमी ठेवायची, काम लांब द्यायचं, म्हणजे खरा गरजूच येईल. लोक निघून गेले म्हणजे त्यांना गरज नव्हती. कागदावर हे अगदी बरोबर वाटतं. सभेने त्याच आकड्याचा दुसरा अर्थ लावला. गावोगावची माणसं माहिती कळवत होती. एका रतलावर कष्ट करून शरीर झिजणार, लांब जायचं तर घर, म्हातारी माणसं आणि उरलेली गुरं सोडून जायचं. काम करूनही पोट भरणार नसेल तर माणूस घराजवळ मिळेल ते खाऊन किंवा भीक मागून दिवस काढणंच पसंत करेल. तेव्हा गर्दी कमी झाली याचा अर्थ दुष्काळ सरला असा होत नाही. काका, रानडे, सीताराम हरी चिपळूणकर यांच्या सभेने हे अर्जांमागून अर्ज करून सरकारला कळवलं. तिकडे मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश हेही सरकारी नोकरीत असूनच या एका रतलाविरुद्ध भांडत होते.

योगायोग असा की त्याच जानेवारीत दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला. राजेरजवाडे जरीत नटून आलेले. सभेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले काका मात्र साध्या खादीत.

मुंबई सरकार काही हललं नाही. उलट त्याच वर्षी टेम्पल मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

दुष्काळाने आणखी एका माणसाला पेटवलं. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेले वासुदेव बळवंत फडके. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांच्या टोळीने पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. टोळीत रामोशी बरेच होते. गावाची राखण आणि गडावरची चाकरी हे त्यांचं पिढ्यांचं काम इंग्रजी राज्यात आटत गेलं होतं. जुलैमध्ये फडके पकडले गेले. राजद्रोहाच्या आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे सरकारच्या काळ्या यादीत जायचं. ते काकांनी घेतलं. काकांचा सगळा मार्ग अर्ज-विनंत्यांचा, फडक्यांचा बरोबर उलटा, तरीही. फडक्यांना जन्मठेप झाली आणि ते एडनला रवाना झाले.

त्यानंतर काका फार जगले नाहीत. २५ जुलै १८८० ला, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. काम करणाऱ्या माणसाला एक रतल पुरत नाही, जवळपास दीड रतल तरी लागतं, असं त्यात निघालं आणि पुढच्या दुष्काळ संहितांमध्ये मजुरी ठरवताना हाच हिशेब धरला गेला.