पेशवे दरबाराचा चित्रकार : जेम्स वेल्स

प्रबोधनकाळातील युरोपात व्यक्तिचित्र म्हणजे केवळ चेहऱ्याची प्रतिकृती नव्हे, तर माणसाच्या दर्जाचा दाखला असे. ड्यूररने १५२४ मध्ये सॅक्सनीच्या फ्रेडरिकची छबी तांब्याच्या पत्र्यावर कोरली, तेव्हा वरच्या कोपऱ्यांत त्याची कुलचिन्हे आणि खाली शिलालेखासारखी अक्षरे कोरली. त्या पत्र्यावरून निघालेल्या छापांबरोबर फ्रेडरिकचा मानही दूरवर पोहोचला. हीच परंपरा घेऊन सुमारे पावणेतीनशे वर्षांनी एक चित्रकार पुण्यास आला. त्याचे नाव जेम्स वेल्स.

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. शिक्षण ॲबर्डीनला झाले. चित्रकला मात्र त्याने बहुतांशी स्वतःच आत्मसात केली. १७९१ मध्ये तो मुंबईस आला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचा आश्रय लाभून पुढील वर्षी तो पुणे दरबारी दाखल झाला.

तेथे त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. पेशवे आणि नाना यांचे एकत्र चित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्यात अठरा वर्षांचे पेशवे मोत्यांनी आणि रत्नांनी मढलेले आहेत. शेजारी नाना साध्या पांढऱ्या वस्त्रांत बसले आहेत. अलंकार मान दाखवितात. पण राज्याचा कारभार कोणाच्या हाती होता हे पाहणाऱ्यास नानांच्या कृश, सावध चेहऱ्यावरूनच उमगते. मसनद एकाची आणि सत्ता दुसऱ्याची, हे त्या दरबाराचे मर्म वेल्सच्या कुंचल्याने अचूक टिपले.

शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. तेथे वेल्सच्या हाताखाली एतद्देशीय चित्रकार पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकू लागले. त्यांतील गंगाराम तांबट हे नाव आज अभ्यासकांना परिचित आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र अमेरिकेत येल येथे जतन केलेले आहे. वेल्सने वेरूळ आणि घारापुरीच्या लेण्यांचीही चित्रे काढली.

दैवाने मात्र हे कार्य अर्ध्यावर तोडले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा अंत झाला आणि नोव्हेंबरात वेल्सही मरण पावला. तो ठाण्यास वारला. चित्रशाळा त्यानंतर टिकली नाही.

वेल्सच्या कन्येशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला. वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनिएलने १७९० च्या तहाचा दरबार रंगविला आणि १८०५ मध्ये तो लंडनमध्ये प्रदर्शित केला. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने ते चित्र ताम्रपत्रावर उतरवून त्याचे छाप काढले. वेल्सने पेशव्यांना चित्राच्या मध्यभागी बसविले होते. या छापाच्या मथळ्यात प्रथम नाव आले ते मॅलेटचे. दरबार पुण्याचा, परंतु प्रतिष्ठा रेसिडेंटची! पुढे अकराच वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली.

नाना फडणीस म्हणताच आज आपल्या डोळ्यांपुढे जी मुद्रा उभी राहते, ती एका परक्या चित्रकाराची देणगी आहे. त्याच्याच शाळेत घडू लागलेल्या आपल्या चित्रकारांना मात्र पुढे दरबारही उरला नाही आणि गुरूही. कलेचा इतिहास वाचताना या न घडलेल्या चित्रांचीही आठवण ठेवावयास हवी.