फ्रा अँजेलिको : श्रेणी, मठ आणि धर्मचित्र

गिदो दि पिएत्रो याचा जन्म इ. स. १३९५ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लो परिसरात झाला. १४१७ च्या नोंदीत तो चित्रकार म्हणून आढळतो. १४२३ पर्यंत त्याने फिएसोले येथील डोमिनिकन मठात दीक्षा घेऊन फ्रा जोव्हान्नी हे नाव धारण केले होते. देवदूतासमान या अर्थाचे अँजेलिको हे नाव त्याला मरणोत्तर लाभले.

प्रबोधनकाळातील धर्मचित्र हे केवळ चित्रकाराच्या श्रद्धेचे फलित नव्हते. ते करारान्वये निर्माण होई. १४३३ मध्ये फ्लॉरेन्समधील लिननच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने मेरीच्या भव्य चित्राचे काम त्याच्याकडे सोपविले. उत्तम प्रतीचे सोने, रुपे आणि निळा रंग वापरण्याची अट त्यात होती. मोबदला १९० सुवर्ण फ्लोरिन, अथवा त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस उचित वाटेल तेवढी कमी रक्कम, असा ठरला. श्रेणीची प्रतिष्ठा आणि भिक्षूचे अपरिग्रहव्रत या दोहोंची दखल एकाच करारात घेतली गेली.

१४३६ मध्ये फ्लॉरेन्समधील सान मार्को मठ फिएसोलेच्या डोमिनिकनांकडे आला. धनाढ्य सावकार कोसिमो द मेदिची याच्या द्रव्यबळावर वास्तुशिल्पी मिकेलोत्सो याने त्याची पुनर्रचना केली. तेथील मुख्य वेदीचित्रात अँजेलिकोने मेदिची घराण्याचे रक्षक संत कॉस्मस व डेमियन यांना अग्रस्थानी रंगविले. दात्याची ओळख त्यामुळे उपासकांसमोर राहिली. याउलट, भिक्षूंच्या खोल्यांतील भित्तिचित्रांत, जी त्याने साहाय्यकांसह रंगविली, अलंकरण अत्यल्प आहे. तेथे प्रेक्षक होता एकटा ध्यानस्थ भिक्षू. शैलीतील हा भेद कौशल्याचा नसून चित्राच्या सामाजिक प्रयोजनाचा होय.

पुढे रोममध्ये पोप पाचवा निकोलस याच्या खाजगी प्रार्थनागृहात त्याने संत स्टीफन व संत लॉरेन्स यांची चरित्रे रंगविली. लॉरेन्स चर्चचे धन दरिद्री जनांस वाटतो, हा प्रसंगही तेथे आहे. दानधर्माचा हा आदर्श धर्मसत्तेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्याच दृष्टीसमोर ठेवला गेला, हे लक्षणीय होय.

१४५० च्या सुमारास फिएसोलेच्या मठाचे प्रमुखपद त्याने सांभाळले. १४५५ मध्ये रोम येथे त्याचे निधन झाले. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यास धन्य घोषित केले. सान मार्कोचे मात्र १८६९ मध्येच संग्रहालय झाले होते, आणि एकेका भिक्षूसाठी रंगविलेली ती चित्रे सर्वसामान्यांच्या दृष्टीस आली होती.