वसईचा दुभाष्या झाला संत : गोन्सालो गार्सिया

कॅथोलिक समाजात संताचा सण बहुतेक वेळा जन्मदिवसाला नाही, तर मरणाच्या दिवसाला धरतात. मरण म्हणजे देवाघरचा जन्म, अशी त्यांची श्रद्धा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा फेब्रुवारीतला सणही तसाच.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइट धर्मगुरूंकडे शिकले आणि तरुणपणीच त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथली भाषा चांगली अवगत केली. पुढे व्यापारात जम बसला, पण मन रमेना. सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले.

१५९३ मध्ये संघाचे धर्मगुरू जपानला गेले, तेव्हा भाषा येते म्हणून दुभाष्याचं काम गोन्सालोंकडे आलं. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्याशी बोलणंही त्यांच्यामार्फत व्हायचं. पण पुढे त्याचीच मर्जी फिरली आणि धरपकड झाली. क्योटोत कैद्यांच्या कानाचा तुकडा कापला. भर थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत पायी नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यात १२ ते १४ वर्षांची तीन पोरंही होती.

संतपद मिळायला २६५ वर्षं गेली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते गोन्सालोच. ५ फेब्रुवारी हा संत अगाथा यांचा दिवस, म्हणून या २६ जणांचा सण ६ तारखेला येतो. वसईतलं कॉलेज आजही गोन्सालोंचं नाव सांगतं.